काय आहे? कसे आहे?

बाई दोन जिवांची आहे असे कळले, की आपल्याकडे अंदाजांना ऊत येतो. चालताना उजवा पाय आधी टाकला तर मुलगा, चेहरा उजळला तर मुलगी. तिखट खावेसे वाटले तर अमुक आणि गोड खावेसे वाटले तर तमुक. डोहाळजेवणात तर हा खेळ ठरलेलाच. दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवायच्या, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. बाईने एक वाटी उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हशा पिकतो, उखाणे होतात आणि ओटी भरून बायका आपापल्या घरी जातात. या खेळात आजवर कोणाचे वाकडे झाले नाही, कारण वाटीला खरे काय ते ठाऊक नसते.

मग एक यंत्र आले. त्याला खरे ठाऊक होते.

आमच्या खानदेशात अहिराणीत मुलाला ‘आंडोर’ म्हणतात आणि मुलीला ‘आंडेर’. एका मात्रेचा फरक. पण या एका मात्रेपायी गेल्या चाळीस वर्षांत काय काय घडले, याचा हिशेब मांडायला बसले तर सरकारी जनगणनेचे खंड उघडावे लागतात. म्हणून आज थोडे या यंत्राविषयी लिहायचे आहे. यंत्र चांगले की वाईट, हा निबंधाचा विषय झाला. मला वाटते, यंत्रापुढे बसल्यावर आपण प्रश्न कोणता विचारतो, यावर सगळे ठरते. ‘पोटात काय आहे?’ हा एक प्रश्न, आणि ‘पोटातले बाळ कसे आहे?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाने लेकी गेल्या. दुसरा प्रश्न विचारायचा राहिला म्हणून आयाही गेल्या.

मी पिंपळनेरात राहते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पांझरेच्या काठावर आमचे गाव आहे. एका अंगाला कांद्याचे, उसाचे मळे. दुसऱ्या अंगाला डोंगर आणि त्या डोंगरांत कोकणी, भिल्ल, मावची लोकांचे पाडे. आठवडे बाजाराला दोन्हीकडची माणसे इथे एकत्र येतात. त्यामुळे या यंत्राची दोन्ही रूपे आमच्या गावातून दिसतात. सपाटीवर ते नको त्या कामासाठी वापरले गेले आणि डोंगरात हव्या त्या कामासाठीही ते वेळेवर मिळत नाही.

आवाजाने पाहणे

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. पिंपळनेरहून ताहाराबादकडे जाताना शेलबारीचा घाट लागतो. घाटात उभे राहून हाक मारली, की समोरच्या कड्यावरून ती परत येते. कडा जवळ असला तर लवकर, लांब असला तर उशिरा. डोळे मिटूनही कडा किती लांब आहे, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. वटवाघूळ रात्री असेच उडते. सोनोग्राफीचे तत्त्व याहून वेगळे नाही.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या सोनोग्राफीत वापरतात तो आवाज सेकंदाला ३५ लाख कंपनांच्या आसपासचा असतो. तो आपल्याला ऐकू येत नाही, पण शरीरात शिरतो आणि जिथे एक थर संपून दुसरा सुरू होतो, तिथून थोडा थोडा परत येतो. हाड, पाणी, मांस, प्रत्येकाचा प्रतिध्वनी वेगळा. परत आलेल्या या आवाजांची मांडणी करून यंत्र पडद्यावर चित्र उभे करते. पोटावर गार जेली लावतात ती एवढ्यासाठी, की यंत्राचा हात आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली तर आवाज तिथूनच माघारी फिरतो. सुरुवातीच्या महिन्यांत भरपूर पाणी प्यायला लावतात, कारण भरलेली मूत्रपिशवी आवाजाला गर्भाशयापर्यंत जायला खिडकीसारखी उपयोगी पडते.

या विद्येचा जन्म दवाखान्यात झाला नाही. ठरावीक स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्या आधारे पाण्याखालच्या पाणबुड्या आवाजाने शोधण्याचा खटाटोप केला. पुढे कारखान्यांत धातूच्या आतली चीर शोधायला हेच तंत्र वापरू लागले. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन अशाच एका बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि लोखंडाची चीर दाखवणारे यंत्र त्यांनी त्या गाठींवर लावून पाहिले. जॉन मॅकव्हिकार हे डॉक्टर आणि टॉम ब्राऊन हे अभियंता यांच्यासह त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ च्या जूनमध्ये छापून आला. गर्भाची सोनोग्राफी तिथून सुरू झाली.

तोवर पोटातले बाळ पाहायचे तर क्ष-किरणांचाच आधार होता. ऑक्सफर्डच्या डॉ. अॅलिस स्टुअर्ट यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले, की ज्यांच्या आयांचे गरोदरपणी क्ष-किरण फोटो काढले होते, त्या मुलांमध्ये कर्करोगाचे प्रमाण जास्त होते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, असतो तो आवाज. योग्य कारणासाठी, जाणत्या हाताने केलेल्या तपासणीमुळे बाळाला इजा झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही हौस म्हणून, नुसता फोटो हवा म्हणून पुन्हा पुन्हा तपासणी करू नये, असेच डॉक्टर सांगतात.

हाताला न दिसणारे

आमच्या आधीच्या पिढीत हे सगळे काम सुईणीचा हात करत असे. तो हात शहाणा होता, यात शंका नाही. बाळाचे डोके वर आहे की खाली, बाळ आडवे आहे का, हे ती पोट चाचपून सांगत असे. पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी दिसते असे आपल्याकडे म्हणतात. पण बाळ पायाळू येताना आईवर काय प्रसंग गुदरतो, ते त्या सुईणीलाच ठाऊक.

माझ्या थोरल्या चुलतीची गोष्ट आमच्या घरात अजूनही हळू आवाजात सांगतात. साठच्या दशकातली ती गोष्ट आहे. तिला आठवा महिना होता. पोटात दुखत नव्हते, अंगात ताप नव्हता. पहाटे शेण-सडा करायला उठली आणि एकाएकी रक्त जाऊ लागले. सुईण धावत आली, पण तिच्या हाताला काही उमगेना. दिवस पावसाळ्याचे. बैलगाडी जुंपली, खाली गोधड्या टाकल्या आणि साक्रीची वाट धरली. साक्री यायच्या आधीच चुलती गेली, बाळही गेले. आजी पुढे कितीतरी वर्षे म्हणत असे, बाहेरचे काहीतरी लागले.

बाहेरचे काही नव्हते. दुखण्याशिवाय असे रक्त जाते तेव्हा बहुतेकदा वार गर्भाशयाच्या तोंडावर बसलेली असते. बाळाच्या वाटेवरच ती आडवी असते. शेवटच्या महिन्यांत तोंड थोडे उघडू लागले, की वार सुटते आणि रक्ताला खळ राहत नाही. अशा बाईची आतून तपासणी करणेही धोक्याचे. सोनोग्राफीत वार कुठे आहे, ते काही मिनिटांत दिसते. पाचव्या महिन्यात ती खाली दिसली तर पुढे पुन्हा पाहतात, कारण गर्भाशय वाढते तशी ती बहुतेकींमध्ये वर सरकते. नाहीच सरकली तर दिवस भरण्याआधी मोठ्या रुग्णालयात जायचे, रक्त तयार ठेवायचे आणि पोट उघडून बाळ काढायचे. आई वाचते, बाळ वाचते. बैलगाडीचा तो प्रवास टाळणारे उत्तर पडद्यावर असते, फक्त ते वेळेवर विचारावे लागते.

कोणत्या महिन्यात काय

हा ‘वेळेवर’ शब्द महत्त्वाचा आहे. पहिल्या तीन महिन्यांतली तपासणी दिवस मोजण्यासाठी असते. आमच्याकडच्या बायका शेवटच्या पाळीची तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. ‘अखाजीच्या आधी आठ दिवस’, ‘पोळा झाला नि मग’. त्यावरून बाळंतपणाची तारीख काढायची तर दोन-तीन आठवड्यांची गफलत सहज होते. पहिल्या तिमाहीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय काढले, तर चूक पाच-सात दिवसांच्या आत राहते. पुढे बाळ लहान आहे की दिवसच कमी भरले आहेत, हा घोळ उरत नाही. गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजला आहे का, हेही याच वेळी कळते. तो नळीत वाढून नळी फुटली, तर काही तासांत जिवावर बेतते. जुळे आहे का, तेही इथेच समजते.

अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात बाळाच्या मानेमागचे पाणी मोजतात. अठराव्या ते विसाव्या आठवड्याची, म्हणजे पाचव्या महिन्यातली तपासणी सर्वांत बारकाईची. मेंदू, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडे, हातपाय असे एकेक पाहत जातात. गंभीर व्यंग आढळले तर आई-बापांना विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला वेळ लागतो. कायद्याच्या मुदती आठवड्यांत मोजल्या जातात. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, काही विशिष्ट परिस्थितींत २० ते २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि त्यापुढे गंभीर व्यंग असेल तरच वैद्यकीय मंडळापुढे जाता येते. सातव्या महिन्यात पहिल्यांदा यंत्रापुढे गेलेल्या बाईला ही मुभा जवळजवळ उरत नाही.

शेवटच्या तिमाहीत बाळाची वाढ, भोवतालचे पाणी, वारेची जागा आणि बाळाचे डोके कुठे आहे, ते पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शिफारस केली, की प्रत्येक गरोदर बाईची निदान एक सोनोग्राफी २४ आठवड्यांच्या आत व्हावी. निदान एक! अर्थात, यंत्र म्हणजे ब्रह्मदेव नव्हे. काही दोष त्यात दिसत नाहीत, काही उशिरा दिसतात. ‘सगळे ठीक’ असा कागद हाती आला तरी पुढच्या तपासण्या, रक्तदाब आणि लोहाच्या गोळ्या सोडून चालत नाही.

पहिल्या प्रश्नाची किंमत

इतक्या गुणी यंत्राला आपल्या महाराष्ट्रात पोलिसी पहारा का बसवावा लागला?

गर्भजल काढून लिंग ओळखण्याचा धंदा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देशात सुरू झाला. आता पाचशे रुपये खर्च करा आणि पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती तेव्हा उघडपणे झळकत. राज्य सरकारसाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईत पाहणी केली. त्यांनी गाठलेल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते. स्त्री-संघटना आणि काही डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने असा कायदा करणारे देशातले पहिले राज्य होण्याचा मान मिळवला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तोपर्यंत सुई टोचून गर्भजल काढण्याची गरज उरली नव्हती. सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावी येऊ लागले होते.

कायदा कागदावरच राहिला म्हणून ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने कान उपटले, २००३ मध्ये कायदा कडक झाला. प्रत्येक यंत्राची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईचा ‘एफ’ नमुन्यातला अर्ज, दवाखान्यात ठळक पाटी. शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकाराने बाळाचे लिंग सांगू नये, असे कायदा म्हणतो. म्हणजे मिठाईचे नाव घेऊन सांगणे हाही गुन्हाच. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. तपासणीला आलेल्या बाईवर नवऱ्याने वा नातेवाइकांनी सक्ती केली, असे हा कायदा गृहीतच धरतो. तसे नव्हते हे दुसऱ्याला सिद्ध करावे लागते. कायदा करणाऱ्यांना आपली घरे चांगली ठाऊक होती!

आता आकडे पाहा. निसर्गनियमाने दर हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्माला येतात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजारी १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली त्या ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४. बीड जिल्हा ८०७ वर आला. आणि आमचा शेजारी जळगाव? ८४२. केळीच्या बागांचा, सोन्याच्या पेढ्यांचा, शाळा-कॉलेजांचा जळगाव. गरिबीने आणि अडाणीपणाने लेकी जातात, असे म्हणण्याची सोय या आकड्याने ठेवली नाही. २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजना आली, तेव्हा राज्यातल्या पहिल्या दहा जिल्ह्यांत जळगावचे नाव होते.

दुसऱ्या बाजूचा आमचा शेजारी नंदुरबार. १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्याचाच भाग होता. डोंगराळ, आदिवासी, रस्त्यांची बोंब असलेला. तिथे २०११ साली हजारी ९४० च्या आसपास मुली होत्या. यंत्र तिथे कमी पोचले, हे एक कारण. पण तेवढेच नाही. आदिवासी समाजांत हुंडा नसतो, ‘देज’ असते, आणि ती वराकडचे लोक मुलीच्या घरी देतात. शेतात, जंगलात, बाजारात बाई बरोबरीने राबते. तिथे मुलगी झाली म्हणून कोणाचा चेहरा पडत नाही.

मी तीस वर्षे शाळेत शिकवले. पहिलीच्या पटावर मुलींची नावे आटत गेलेली मी पाहिली. ‘नकोशी’ नावाच्या मुली आपण ऐकून असतो. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. पण नकोशी निदान जन्माला तरी आली होती. जी आलीच नाही, तिचे नाव कुठल्या पटावर शोधायचे? २०१२ मध्ये परळी वैजनाथला, २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला जे उघडकीला आले, ते वाचून महाराष्ट्र हादरला. कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी आणि कथाकार लक्ष्मीकांत देशमुख यांनी यंत्रांवर नजर ठेवण्याची मोहीम राबवली आणि या विषयावर कथाही लिहिल्या. आज आमच्या भागात चांगली शेती असलेले तिशीपुढचे मुलगे लग्नावाचून बसले आहेत, मध्यस्थाला पैसे देऊन लांबून मुली आणल्या जात आहेत. आणि गंमत पाहा, मुलगा की मुलगी हे ठरते बापाकडून येणाऱ्या बीजावर. हे विज्ञानाला १९०५ पासून ठाऊक आहे. बोल मात्र अजून सुनेलाच लागतो.

पाटी वाचणारी मुलगी

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. मला सांगायची आहे ती पुढची.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीच्या बाजारात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. डोंगरातल्या पाड्यावरची, वर्गात हुशार. चौथा महिना लागल्याचे तिने लाजत सांगितले. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाणार होती.

“सोनोग्राफी केलीस का गं?” मी विचारले.

ती दचकली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, “बाई, ती तर बंद आहे ना? दवाखान्यात पाटी आहे. गुन्हा आहे म्हणून लिहिलंय.”

क्षणभर मला काही बोलता येईना. पाटी तिने नीट वाचली होती. वाचायला मीच शिकवले होते. पाटीवर लिंगनिदान हा गुन्हा आहे असे असते. पण ‘प्रसूतिपूर्व लिंगनिदान’ हा शब्द सरकारी. तिच्यापर्यंत पोचला तो ‘गुन्हा’. शेजारी यंत्राचे चित्र आणि त्यावर लाल फुली. तिने आपला अर्थ लावला, की यंत्रापुढे जाणेच गुन्हा. पुढे मी चौकशी केली तेव्हा तिच्या पाड्यावरच्या इतर बायकांचीही तीच समजूत निघाली.

शिवाय दुसरी अडचण होतीच. आमच्या डोंगरातली माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि होळीच्या सुमाराला परततात. होळी हा त्यांचा मोठा सण. ज्या बाईला पावसाळ्यात दिवस गेले, तिचा पाचवा महिना नेमका फडात येतो. सगळ्यांत महत्त्वाच्या तपासणीचा आठवडा तिच्यासाठी उसाच्या पाचटात निघून जातो. मुकादमाकडून ‘उचल’ मिळते ती एका कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई मागे राहिली तर कोयता अर्धा होतो आणि घेतलेले पैसे अंगावर बसतात. ‘तपासून घे’ असे सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हिशेब करावा लागत नाही.

तिला आणि तिच्या सासूला घेऊन मी धुळ्याला गेले. जाऊन-येऊन दिवस मोडला. पडद्यावर दोन बाळे होती. डॉक्टरांनी समजावून सांगितले: जुळे आहे, दिवस पुरे भरतील याचा भरवसा नाही, मोळ्या उचलणे तर सोडाच, लांबचा प्रवासही नको. परतीच्या एस.टी.त कोणी बोलले नाही. साक्री मागे पडल्यावर सासू म्हणाली, “मी जाते कोयत्यावर. तू माहेरी राहा.” पन्नाशी उलटलेली बाई, पण सुनेच्या जागी ती फडात गेली. ‘काय आहे?’ असे तिने डॉक्टरांना विचारले नाही, मलाही नाही.

आठव्या महिन्यात धुळ्यालाच बाळंतपण झाले. दोन्ही बाळे वजनाने कमी, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. आता दोघे अंगणात रांगण्याच्या पुढे गेली आहेत. मुलगे की मुली, ते मी मुद्दामच लिहीत नाही.

पाटीवर दुसरी ओळ

कायदा सैल करा, असे मी अजिबात म्हणत नाही. डॉक्टरांची तक्रार असते, की अर्जातल्या किरकोळ चुकीसाठीही गुन्हेगार ठरवतात. पण अर्ज हाच या गुन्ह्याचा एकमेव माग आहे, कारण पडद्यावरचे चित्र पुसले जाते आणि खोलीतले बोलणे बाहेर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हाच कल स्वीकारला. पहारा हवाच. मात्र पहारा पहिल्या प्रश्नावर असावा, दुसऱ्या प्रश्नाची वाट मोकळी असावी.

ही वाट कागदावर मोकळी आहेही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. त्यानुसार सरकारी रुग्णालयात गरोदर बाईच्या तपासण्या, सोनोग्राफीसह, मोफत व्हायला हव्यात आणि जाण्यायेण्याची सोयही. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांकडून तपासणीची योजना आहे. अडते ते पुढे. ग्रामीण भागात यंत्र असले तरी ते चालवणारा तज्ज्ञ रोज असतोच असे नाही. मग पाड्यावरची बाई मजुरी बुडवून येते, ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून परत जाते आणि पुढच्या आठवड्यात ती फडात असते.

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, ज्या गावांतून माणसे ऊसतोडीला जातात, तिथल्या गरोदर बायकांची तपासणी दसरा-दिवाळीच्या दरम्यान, टोळ्या निघण्याआधी मोहीम काढून करावी आणि त्यांचे कागद त्यांच्या हाती द्यावेत. पल्स पोलिओला आपण दारोदार फिरू शकलो, हेही जमेल. दोन, दवाखान्यातल्या पाटीवर गुन्ह्याच्या ओळीखाली आणखी एक ओळ तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावी: ‘बाळाची आणि आईची प्रकृती पाहण्यासाठी सोनोग्राफी करून घेणे हा तुमचा हक्क आहे.’ जमले तर अहिराणीत आणि कोकणीतही लिहावी.

आणि तिसरी गोष्ट आपल्या घरातली. सुनेला, लेकीला घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारा. एक बाळ आहे की दोन? किती आठवड्यांचे? हृदयाचे ठोके कसे आहेत? डोके, कणा नीट आहे ना? वार कुठे आहे? पाणी पुरेसे आहे ना? पुढची तपासणी कधी? हे सगळे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न जिभेवर आलाच, तर तो तिथेच गिळा. अखाजीला आमच्या खानदेशात गौराई बसते, लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात. झोक्यावर बसायला लेकी हव्यात आणि त्यांची वाट पाहणाऱ्या आयाही धडधाकट हव्यात. बाळ कसे आहे, एवढे कळले की पुरे. बाकी काय आहे, ते नऊ महिन्यांनी सुईण सांगायचीच. आता नर्सबाई सांगतील.